भट्टीवरची नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये कशी जमवावी? आणि आईच्या वहीतलं एक कोडं

रंकाळ्याकाठची

नमस्कार मंडळी. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत, म्हणून आत्ताच विचारते. नंतर सगळे फराळात बुडालेले असतील. थोडं लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात. आई पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका शाळेत मास्तरीण होती. सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की घरात पहिलं काम नानकटाईचं. चकली, करंजी, लाडू सगळं नंतर. कारण नानकटाई घरात व्हायचीच नाही. ओव्हन कुणाकडे होता? सगळी गल्ली आपापलं सामान घेऊन गंगावेशीजवळच्या बेकरीत जायची. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदा, तूप, पिठीसाखर आपली, भट्टी त्यांची, आणि किलोवर मजुरी. आदल्या दिवशी जाऊन नंबर लावायचा. नंबर आला की परात घेऊन आत जायचं, तिथल्याच लांब लाकडी टेबलावर गोळे वळायचे, काळ्या पत्र्यांवर मांडायचे. मग भट्टीवाले मामू लांब दांड्याच्या फावड्याने ते पत्रे आत सरकवायचे.

प्रत्येक घराची खूण वेगळी असायची. कुणी चारोळी लावायचं, कुणी पिस्त्याचा काप, कुणी पेनाचं टोपण दाबून गोल उठवायचं. आई करंजीचं कातणं घेऊन जायची आणि प्रत्येक गोळ्यावर दोन आडव्या रेघा फिरवायची. भाजल्यावर त्या रेघांच्या दातेरी कडा जराशा उकलायच्या. पंधरा घरांचे पत्रे एकावर एक रचलेले असले तरी आमचे मला दारातून ओळखू यायचे.

आमचा नंबर नेहमी शेवटचा. रात्रीचे अकरा, कधी साडेअकरा. मी आणि भाऊ मैद्याच्या पोत्यांवर झोपून जायचो. आई मात्र स्टुलावर ताठ बसलेली, पदर खोचलेला, भट्टीच्या तोंडाकडे बघत. दिवसभर शाळा, जाऊन-येऊन एसटीचा प्रवास, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आणि ही बाई मध्यरात्रीपर्यंत तिथे बसायची. आईने आम्हाला कधी जवळ घेऊन लाड केलेले मला आठवत नाहीत. पण पत्रा बाहेर आला की पहिल्या दोन नानकटाया फुंकर मारून गार करून आम्हाला झोपेतून उठवून द्यायची. मामूंसाठी सहा वेगळ्या काढायची. मग पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्र घालून आम्ही तिघं अंधारातून घरी. तो गरम डबा पोटाशी धरायला मिळावा म्हणून आम्हा भावंडांत भांडण व्हायचं.

आता आई माझ्याकडे असते. ब्याऐंशी पूर्ण. हात थरथरतात, दात गेलेत, कवळी बसत नाही म्हणून काढून ठेवते. गेल्या दिवाळीत सहज म्हणाली, "भट्टीवरची नानकटाई खाऊन किती वर्षं झाली गं." त्या बेकरीत आता घरचा माल भाजून देत नाहीत. भावाने दोनदा जाऊन विचारलं.

म्हणून मी घरी करायला घेतली. ओव्हन साधा आहे, अठ्ठावीस लिटरचा ओटीजी. आईच्या वहीत प्रमाण आहे, ते जसंच्या तसं देते:

"मैदा १ कि. बेसन पाव कि. रवा २ मुठी. डालडा अर्धा कि. साजूक पाव कि. पि. साखर पाऊण कि. वेलची जायफळ. मामू."

मी सगळ्याचा चौथा हिस्सा घेतला. डालडा नको म्हणून पूर्ण साजूक तूप घेतलं, पातळ करून ओतलं आणि पीठ चांगलं मऊसूत मळलं. पहिल्या खेपेला सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. दुसऱ्यांदा तूप कमी केलं, तर टणक झाल्या. तिसऱ्यांदा आकार राहिला, पण वरून लाल आणि आत कच्चट. तिन्ही वेळा आईने चहात बुडवून खाल्ली आणि म्हणाली, "बरी झालीय." माझ्या आईचं "बरी झालीय" मी चांगलं ओळखते. दहावीला मला ६८ टक्के पडले तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

तर प्रश्न असे: पसरू नये आणि तरी तोंडात विरावी यासाठी काय करू? भट्टीवरची ती फिकी, पांढुरकी नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये येते का? आणि यादीच्या शेवटी "मामू" असं का लिहिलंय? आईला विचारलं तर हसते आणि म्हणते, "मामू म्हणजे मामू." मला आधी वाटलं त्यांच्यासाठी काढून ठेवायच्या सहा नानकटायांची ती आठवण असेल. पण ते वेलची-जायफळाच्या ओळीत कशाला?

---

ठाणेकर_आजी

अगं, तुझं पहिलंच पाऊल चुकलंय. तूप पातळ करायचंच नाही. नानकटाईत पाणी नसतं, दूध नसतं, सगळं काम तूप करतं. आणि तूप पातळ असलं की ते नुसतं पिठात जिरतं.

तूप असं हवं की बोट खुपसलं तर खड्डा राहील. दाणेदार, थिजलेलं, पण फ्रीजमधल्यासारखं दगड नको. परातीत घे, त्यात चाळलेली पिठीसाखर घाल आणि तळहाताच्या टाचेने फेसायला लाग. वीस मिनिटं. हात दुखेल, दुखू दे. पिवळट तूप हळूहळू पांढरं होतं, हलकं होतं, आयत्या लोण्यासारखं दिसायला लागतं. झालं की नाही हे बघायला वाटीत पाणी घे आणि त्यात इवलीशी गोळी सोड. बुडाली तर अजून फेसायचं. तरंगली तर आत हवा पुरेशी भरलीय. आमच्याकडे सासूबाई ही गोळी तरंगल्याशिवाय पिठाला हात लावू द्यायच्या नाहीत.

दुसरी चूक म्हणजे मळणं. मैदा, बेसन, रवा एकत्र तीनदा चाळ, फेसलेल्या तुपात घाल आणि नुसतं बोटांनी एकत्र आण. पोळीची कणीक तिंबतो तसं अजिबात नाही. मळलंस की चिवटपणा येतो. बेसन घालायचं कारणही तेच. बेसनाला चिकटा नसतो, त्यामुळे नानकटाई भुसभुशीत होते.

गोळा वळताना कडेला भेगा पडल्या तर घाबरू नकोस, चमचाभर तूप अजून घाल. वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच ओव्हनमध्ये घाल, म्हणजे तूप वितळायच्या आत कडा धरतात.

"मामू"चं मला सांगता येणार नाही. पण तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. शाळा करून रात्री अकराला भट्टीसमोर बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मीही नोकरी केली.

---

पोळपाट

पुण्यातच आहात तर कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं आणून द्या ना आजींना. १९५५ पासूनची बेकरी आहे, बिस्किटं तोंडात विरघळतात. एवढी खटपट कशाला?

---

रंकाळ्याकाठची

@पोळपाट, आणते अधूनमधून, आई आवडीने खाते. पण ती लोण्याची चव. आईने मागितली ती नानकटाई.

@ठाणेकर_आजी, किती नीट समजावलंत! वीस मिनिटं फेसायचं हे वहीत कुठेच नाही. आईला ते लिहायची गरज वाटली नसणार. तुम्ही लिहिल्यावर एकदम आठवलं, बेकरीत जायच्या आधी संध्याकाळी आई पितळी परात मांडीत घेऊन बसलेली असायची आणि तिच्या बांगड्या परातीवर वाजत राहायच्या. मी शेजारी गृहपाठ करत असायचे. तो फेसण्याचा आवाज होता हे आज कळलं.

---

भट्टी_मिरज

ताई, "मामू"चं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं. आमची मिरजेत बेकरी. आजोबांनी चालू केली, वडिलांनी चालवली, आता मी बघतो.

आमच्या भट्टीवरही दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरचा माल यायचा. बायका तूप-साखर फेसून आणायच्या, पीठ वेगळ्या पिशवीत. दोन्ही एकत्र करताना वडील शेल्फावरची बरणी काढायचे आणि प्रत्येकीच्या परातीत मापाने चिमूट टाकायचे. त्या बरणीत बेकरीचा अमोनिया असायचा. पांढरी पूड, उघडली की नाकात झणका जातो. बायका घरी तो ठेवत नसत, कारण बरणीचं झाकण सैल राहिलं तरी तो आपोआप उडून जातो. त्यामुळे खूप जणींच्या यादीत तो घटक नसायचाच. तुमच्या आईने मात्र इमानाने लिहून ठेवला. शेवटचा जिन्नस मामूंनी घालायचा, म्हणून "मामू".

तो करतो काय? साधारण साठ अंशांच्या पुढे गरम झाला की तो पूर्ण फुटतो, सगळ्याची वाफ आणि वायू होतो. मागे खारट चव ठेवत नाही. नानकटाई फुलते, वर भेगा पडतात आणि आतून पोकळ-खुसखुशीत होते. पण तो फक्त कोरड्या, लहान बिस्किटांत चालतो. केकसारख्या ओल्या, जाड पदार्थात घातला तर वास आतच अडकतो. तुमच्या चौथ्या हिश्श्याच्या प्रमाणाला सपाट पाव चमचा पुरे. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात खाण्याचा मागा आणि भाजताना खिडकी उघडी ठेवा. आजी घरात आहेत, वास सोसणार नाही असं वाटलं तर अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. फरक पडेल, पण नानकटाई वाईट होणार नाही.

डालड्याबद्दल. वनस्पती तूप साजूक तुपापेक्षा उशिरा वितळायचं, म्हणून भट्टीत नानकटाईचा आकार टिकायचा. तुमच्या आईने दोन भाग ते आणि एक भाग साजूक घेतलं ते बरोबर केलं. एकाने आकार, दुसऱ्याने चव. पण आता तो जुना डालडा शोधत बसू नका. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीवर, दोन टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ते चांगलंच झालं. पूर्ण साजूक घ्या, ठाणेकर आजींनी वर सांगितल्याप्रमाणे थिजलेलं, आणि गोळे गार करून घाला.

आता आच. तुम्ही लिहिलंय वरून लाल आणि आत कच्ची. किती अंशावर ठेवलं ते लिहिलं नाहीत, पण १८० किंवा त्याच्याही वर असणार. लाकडाच्या भट्टीचं गणित वेगळं असतं. आधी आत लाकूड जाळायचं, घुमट आणि फरशी तापवायची, मग निखारे बाजूला ओढून पाव घालायचा. पावाला कडक आच लागते. पाव निघाला की आच उतरायला लागते, मग बिस्किटं, आणि सगळ्यांत शेवटी नानकटाई. त्या उतरत्या आचेत ती सावकाश सुकत सुकत भाजते आणि पांढरी राहते.

घरी हे असं करा. ओव्हन १६० वर पंधरा मिनिटं आधी तापवा. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा, ट्रे मधल्या खणात. पंचवीस ग्रॅमचा गोळा, दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर. अठरा मिनिटांनी एक उलटून बघा, बुडाला हलका बदामी रंग आला की ओव्हन बंद. पण ट्रे बाहेर काढू नका. दार बोटभर उघडं ठेवून दहा मिनिटं आतच राहू द्या. ही तुमची उतरती आच. बाहेर काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना ती मऊच लागते, तेव्हा कच्ची राहिली समजून परत भाजलीत तर टणक होणार.

एक गोष्ट तुमच्या लिहिण्यातून माझ्या डोक्यात राहिली. तुमचा नंबर "नेहमी शेवटचा". आमच्याकडे शेवटच्या नंबरला कुणी तयार नसायचं, लेकरं झोपायची, रात्र व्हायची. पण दोन-तीन बायका वडिलांकडे तोच मागून घ्यायच्या. त्यांना भट्टीची जाण होती. आईंना एकदा विचारून बघा.

घरचा माल का बंद झाला तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही मोठे झालो म्हणून नको म्हणतो. आम्ही लाकडाची भट्टी पाडून डिझेलवरचा फिरता ओव्हन घेतला. त्यात चाकांच्या मांडणीवर एकदम वीस-बावीस ट्रे आत जातात आणि सगळ्यांना एकच आच, एकच वेळ लागते. कुणाचे गोळे लिंबाएवढे, कुणाचे पेढ्याएवढे, कुणाचं तूप जास्त. ते एकत्र भाजता येत नाही. जुन्या भट्टीत वडील प्रत्येक पत्रा हवा तिथे सरकवायचे, हवा तेव्हा काढायचे. पण त्याच धुराने त्यांची छाती गेली. शेवटची सहा वर्षं त्यांना पंप घेतल्याशिवाय जिना चढता येत नव्हता. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस-विजेवर न्यायला सांगितलं, तेव्हा आमच्या धंद्यातली बरीच माणसं हळहळली. मला वडिलांचा खोकला आठवला.

लाकडाचा तो वास मात्र घरच्या ओव्हनमध्ये येणार नाही. त्याला उपाय नाही, खोटं सांगत नाही.

---

वसईची_माय

मला नानकटाईतलं काही कळत नाही, पण कातण्याच्या रेघा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे नाताळात हेच. माझ्या लहानपणी केकचं मिश्रण घरी कालवायचं आणि डबे बेकरीत न्यायचे. रवा दोन दिवस आधी तुपात घोळवून ठेवलेला, नारळ खवलेला, अंडी घरच्या कोंबड्यांची. सगळं फेसायचं काम पप्पांचं, कारण मम्मी म्हणायची तिचा हात त्याच्याएवढा चालत नाही. बेकरीत प्रत्येक डब्याला नावाची चिठ्ठी लावायची, पण आचेने चिठ्ठी करपायची. म्हणून पप्पांनी खिळ्याने डब्यांच्या काठावर तीन टिंबं ठोकून ठेवली होती. आम्ही तीन मुलं, म्हणून तीन. मधला भाऊ अकराव्या वर्षी गेला. त्या डिसेंबरात मम्मीने डबे घासायला काढले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. पप्पांना विचारलं, आता काय करायचं. ते म्हणाले, तीनच राहतील.

ते डबे माझ्याकडे आहेत. गंजलेत, केक त्यात करता येत नाही. पण नाताळच्या आठवड्यात ओट्यावर काढून ठेवते. कुलकुल वळायला शेजारच्या पोरी येतात, त्या विचारतात ही टिंबं कसली, मग मी सांगते.

ताई, कातणं आईच्याच हातात द्या. थरथरू दे हात.

---

पोळपाट

वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. हा धागा वाचून माझ्या आईला साताऱ्याला फोन केला. तिच्याकडेही असा डबा होता म्हणाली. तासभर बोलत होती.

---

रंकाळ्याकाठची

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, माफ करा. घरात पाहुणे होते आणि मला हे सगळं सवडीने करायचं होतं.

@भट्टी_मिरज दादा, रविवारी सकाळी आईला तुमचं सगळं उत्तर वाचून दाखवलं. अमोनियाच्या बरणीपाशी आले तशी ती लगेच म्हणाली, "काचेची होती, निळ्या झाकणाची. मामू मला हात लावू द्यायचे नाहीत." मग मी शेवटच्या नंबराचं विचारलं. लहानपणापासून मी धरून चालले होते की आईची एसटी उशिरा यायची म्हणून आम्हाला शेवटचा नंबर मिळायचा. इतरांच्या आया घरी असायच्या, सकाळीच नंबर लावायच्या. त्याचं मला वाईटही वाटायचं. मैत्रिणी नऊ वाजता डबा घेऊन घरी जायच्या आणि आम्ही पोत्यांवर.

आई म्हणाली, "नंबर मागून घ्यायची मी. आधी घातली की भट्टी कडक असते, लाल होते, कडक होते. तुझ्या आजीला दात होते का? तिला जिभेवर ठेवली की विरायला पाहिजे."

एवढंच बोलली आणि चष्मा पुसायला लागली. माझ्या आजीचं आणि आईचं फारसं पटायचं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आजी तर बोलूनही दाखवायची. अंथरुणावरून तिची शेवटची पाच वर्षं आईने काढली, पण दोघींत कामापुरतं बोलणं. आणि त्याच पाच वर्षांत ही बाई दिवाळीला रात्री साडेअकरापर्यंत भट्टी उतरायची वाट बघत बसायची. आजीला हे कळलं होतं का, असं विचारलं. "कळायचं काय त्यात? खायची की दोन-दोन," म्हणाली.

त्याच दुपारी केल्या. तूप मी फेसलं. वीस मिनिटांच्या जागी तीस लागली, दोनदा गोळी बुडाली, तिसऱ्यांदा तरंगली. आईने वाटी जवळ ओढून स्वतः बघितली. अमोनिया मिळाला होता, सपाट पाव चमचा घातला. तो घालताना आई म्हणाली, "बघ, आता मामू झालीस." गोळे अठ्ठावीस झाले. ते फ्रीजमधून काढून ताटात मांडले आणि कातणं तिच्या हातात दिलं. कोल्हापूरचंच आहे, पितळेचं, चाकाचा एक दाता मोडलेला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रेघा मारायला लागली. पहिल्या सात-आठ वाकड्या गेल्या, एका गोळ्यावर तर तीन रेघा पडल्या. नंतर हात बसला. अठ्ठावीस गोळ्यांना पाऊण तास लागला. मधल्या दोन ओळी मऊ पडायला लागल्या म्हणून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवाव्या लागल्या, पण मी तिला घाई केली नाही.

१६० वर एकोणीस मिनिटं, मग दार बोटभर उघडून दहा. रेघा उकलल्या. मोडक्या दात्याची जागा प्रत्येक रेघेत दिसते, ठरावीक अंतराने एक बारीक सपाट ठिपका. लहानपणी मी तो कधी बघितला नव्हता, किंवा दाता तेव्हा शाबूत असेल.

लाकडाचा वास नाही, दादा म्हणाले तसंच. रंग बेकरीच्या नानकटाईपेक्षा जरा पिवळा, पूर्ण साजूक तुपामुळे असेल. पण आईने कवळी न लावता खाल्ली. चहात बुडवली नाही. तोंडात ठेवून बराच वेळ बसली, मग दुसरी उचलली.

काय म्हणाली असं विचाराल तर काहीच नाही म्हणाली. सहा नानकटाया वेगळ्या काढून वाटीत ठेवल्या. मामू जाऊन बारा वर्षं झाली. त्या वाटीचं काय करायचं ते तिलाही सुचेना, मलाही. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना नेऊन दिल्या. आई बाल्कनीत खुर्ची टाकून बघत होती.

@वसईची_माय, तुमची तीन टिंबं आईला वाचून दाखवली. तिने विचारलंय, रवा दोन दिवस तुपात घोळवायचा तो किती जाड घेता? नाताळात करून बघायचं म्हणते.